कंबरेच्या उपचारासाठी किती वेळा जावे? जॉन केनेडी यांच्या पाठदुखीची कहाणी

कंबर दुखणारे रुग्ण डॉक्टरांना हमखास एक प्रश्न विचारतात. कायरोप्रॅक्टरकडे, फिजिओथेरपिस्टकडे किंवा मसाज करणाऱ्याकडे किती वेळा जायचे? आठवड्यातून एकदा की रोज? महिनाभर की आयुष्यभर? कोणी दहा वेळांचे पॅकेज घेतलेले असते, कोणी चाळीस वेळांचे. मणका कडकन वाजला की दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा दुखते, आणि पुन्हा जावे लागते. तुमचेही असेच चालले असेल तर आज एका माणसाची गोष्ट वाचा. हा माणूस जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान पदावर बसला होता. हवा तो डॉक्टर त्याला कोणत्याही वेळी मिळत होता. तरीही त्याची पाठ वीस वर्षांहून अधिक काळ दुखत राहिली. त्यांचे नाव जॉन फिट्झगेराल्ड केनेडी, अमेरिकेचे 35वे राष्ट्राध्यक्ष.

ही गोष्ट कायरोप्रॅक्टरची नाही. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे.

दुखण्याची सुरुवात

केनेडी यांचा जन्म 29 मे 1917 रोजी मॅसेच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे झाला. घर श्रीमंत होते, पण मुलगा लहानपणापासून आजारी. तिसरे वर्ष पूर्ण होण्याआधीच त्याला स्कार्लेट फीव्हर झाला आणि तो जिवावर बेतला होता. पुढे पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या, वजन वाढेना, शाळेतून अनेकदा रुग्णालयात जावे लागे. हार्वर्ड विद्यापीठात असताना फुटबॉल खेळताना पाठीला मार लागला आणि तेव्हापासून दुखणे मागे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

1941 मध्ये त्यांना सैन्यात जायचे होते. लष्कराच्या आणि नौदलाच्या वैद्यकीय तपासणीत ते नापास झाले, आणि पाठ हे त्यामागचे एक कारण होते. वडिलांनी ओळखी वापरल्या आणि त्याच वर्षी ते नौदलात दाखल झाले. म्हणजे ज्या माणसाला पाठीमुळे घरी थांबवायला हवे होते, तो लाटांवर आपटत धावणाऱ्या छोट्या टॉर्पेडो बोटीचा कप्तान झाला. अशा बोटीत कंबरेला किती हादरे बसत असतील याची कल्पना तुम्ही करू शकता.

1 आणि 2 ऑगस्ट 1943 च्या मधल्या रात्री सॉलोमन बेटांजवळ एका जपानी विनाशिकेने त्यांच्या पीटी-109 या बोटीचे दोन तुकडे केले. बोटीवर तेरा जण होते, त्यातले दोघे गेले. एक सहकारी गंभीर भाजला होता. केनेडींनी त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरला आणि सुमारे चार तास पोहत त्याला एका बेटापर्यंत ओढून नेले. काही दिवसांनी स्थानिक बेटवासीयांच्या मदतीने सगळ्यांची सुटका झाली. केनेडी वीर ठरले, पण पाठीचे दुखणे आणखी वाढले.

पहिली शस्त्रक्रिया

जून 1944 मध्ये बोस्टनमध्ये त्यांच्या कंबरेची पहिली शस्त्रक्रिया झाली. तेव्हा ते 27 वर्षांचे होते. दोन मणक्यांमधली चकती सरकून नसेवर दाब देत आहे, असा डॉक्टरांचा अंदाज होता. प्रत्यक्षात चकतीचा काही भाग मऊ झालेला मिळाला, पण अपेक्षेप्रमाणे मोठी सरकलेली चकती सापडली नाही. शस्त्रक्रियेनंतर चालायला लागल्यावर पाठीचे स्नायू जोरात आखडू लागले. दुखणे गेले नाही.

इथे क्षणभर थांबा. तुमच्या एमआरआय अहवालात चकती थोडी बाहेर आलेली दिसत असेल आणि तुम्ही घाबरला असाल, तर हे लक्षात ठेवा. वयाबरोबर अनेक माणसांच्या चकत्या झिजतात किंवा थोड्या फुगतात, आणि त्यातल्या कित्येकांना काहीच त्रास नसतो. चित्रात दिसणारा दोष आणि तुमचे दुखणे यांचे नाते प्रत्येक वेळी जुळतेच असे नाही. म्हणून डॉक्टर आधी तुम्हाला तपासतात, पायातली ताकद आणि बधिरपणा पाहतात, आणि मग अहवालाकडे वळतात.

दुसरा आजार आणि दुसरी शस्त्रक्रिया

1946 मध्ये केनेडी प्रतिनिधिगृहात निवडून आले. 1947 मध्ये लंडनला असताना ते कोसळले, आणि तिथे त्यांना ॲडिसनचा आजार असल्याचे निदान झाले. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या शरीराला ताण सोसायला लागणारी संप्रेरके तयार करतात. ॲडिसनच्या आजारात ही संप्रेरके पुरेशी तयार होत नाहीत. उपचार म्हणून आयुष्यभर स्टिरॉइड घ्यावे लागते. या औषधाने केनेडींचा जीव वाचला. पण मोठ्या मात्रेत दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यास हाडे ठिसूळ होऊ शकतात, आणि त्यांच्या मणक्यांवरही असा परिणाम झाला असावा, असे नंतर अनेक डॉक्टरांनी मानले.

1952 मध्ये ते सिनेटवर निवडून आले. 1953 मध्ये जॅकलिन यांच्याशी विवाह झाला. 1954 उजाडले तेव्हा या तरुण सिनेटरला कुबड्यांशिवाय चालणे कठीण झाले होते. काही डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको असे सांगितले, कारण ॲडिसनच्या रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्ग दोन्ही जिवावर बेतू शकतात. केनेडींना मात्र कुबड्यांवरचे आयुष्य नको होते. 21 ऑक्टोबर 1954 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कंबरेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली आणि धातूची पट्टी बसवली गेली.

तीन दिवसांत जंतुसंसर्ग झाला. ते बेशुद्ध झाले. कॅथलिक परंपरेप्रमाणे धर्मगुरूला बोलावून अखेरचा धार्मिक विधी केला गेला. घरच्यांनी आशा सोडली होती, पण ते वाचले. जखम मात्र भरेना. फेब्रुवारी 1955 मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करून ती पट्टी काढावी लागली. 1957 मध्ये पाठीत साचलेला पू काढण्यासाठी आणखी एक शस्त्रक्रिया झाली. एकूण चार शस्त्रक्रिया, आणि दुखणे होते तिथेच.

नोव्हेंबर 1955 मध्ये शस्त्रक्रियाविषयक एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ॲडिसनचा आजार असलेल्या एका 37 वर्षांच्या पुरुषाची हकीकत नाव न देता छापून आली. तो पुरुष केनेडीच होते, हे पुढे उघड झाले.

तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी दमा, संधिवात किंवा इतर आजारासाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेत असाल, तर ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा. शस्त्रक्रियेच्या वेळी औषधाची मात्रा बदलावी लागते. आणि जो कोणी तुमचा मणका दाबणार किंवा पिरगळणार असेल, त्यालाही सांगा. ठिसूळ हाडावर जोराचा दाब दिला तर ते मोडू शकते.

इंजेक्शनचे दिवस

1955 च्या मे महिन्यात केनेडी डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्याकडे गेले. स्नायूंमधल्या दुखऱ्या गाठींचा या बाईंचा अभ्यास मोठा होता. अशा गाठीवर दाबले की कधीकधी दुखणे दूरवर जाणवते, हे त्यांनी नीट तपासून मांडले. त्या गाठींमध्ये प्रोकेन हे बधिर करणारे औषध टोचत. केनेडींच्या शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित लहान असल्याचे त्यांच्या लक्षात आले, म्हणून त्यांनी बुटाची एक टाच उंच करून दिली. झुलत्या खुर्चीत बसण्याचा सल्लाही त्यांचाच. पुढे ती झुलती खुर्ची केनेडींची ओळखच बनली.

या उपचारांनी आराम पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या आरामाच्या बळावरच हा माणूस देशभर फिरला, निवडणूक लढला आणि जानेवारी 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. डॉ. ट्रॅव्हेल व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षांच्या डॉक्टर म्हणून नेमल्या गेल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या महिला.

मग 16 मे 1961 रोजी कॅनडातील ओटावा येथे वृक्षारोपणाचा साधा कार्यक्रम झाला. केनेडींनी फावड्याने माती उचलली आणि कंबरेत जोराची कळ आली. पुन्हा कुबड्या आल्या, फक्त छायाचित्रकार नसताना वापरायच्या. जूनमध्ये व्हिएन्नात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी बोलणी झाली, तीही याच पाठीने. त्या काळात प्रोकेनची इंजेक्शने दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागत होती. शिवाय न्यूयॉर्कचा एक डॉक्टर त्यांना उत्तेजक द्रव्य असलेली इंजेक्शनेही देत होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे या. किती वेळा जायचे? इथे उपचार दिवसातून तीन वेळा घरी येत होता. देणारे डॉक्टर हुशार होते आणि प्रत्येक वेळी आराम पडत होता. तरीही महिन्यागणिक पाठ अधिक अशक्त होत गेली. इंजेक्शनने दुखणे बधिर होत होते, पण स्नायूंना काम मिळत नव्हते. वर कंबरपट्टा बांधलेला, म्हणून उरलेले कामही पट्टाच करत होता. अध्यक्षांच्या इतर डॉक्टरांना भीती वाटू लागली की असेच चालले तर हा माणूस लवकरच चाकाच्या खुर्चीत बसेल.

गिर्यारोहक डॉक्टर

ऑक्टोबर 1961 मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. हान्स क्राउस यांना बोलावण्यात आले. ते मूळचे ऑस्ट्रियाचे आणि स्वतः नामांकित गिर्यारोहक. पाठदुखीचे मोठे कारण म्हणजे बसून राहिल्याने दुबळे आणि ताठ झालेले स्नायू, हे त्यांचे ठाम मत होते. 1950 च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मुलांची ताकद आणि लवचिकता तपासण्याच्या सहा सोप्या चाचण्या घेतल्या होत्या. अमेरिकेतली निम्म्याहून अधिक मुले त्यात नापास झाली, तर युरोपातल्या नापास मुलांचे प्रमाण एक दशांशाहूनही कमी होते. त्या आकड्यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनाही हलवले होते.

डॉ. क्राउस यांनी केनेडींना तपासले. पोटाचे आणि पाठीचे स्नायू कमजोर, मांडीच्या मागचे स्नायू दोरीसारखे ताठ. इंजेक्शने बंद करून नियमित व्यायाम सुरू केला नाही तर अपंगत्व येईल, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. सुरुवातीला आठवड्यातून तीन वेळा व्यायाम ठरला. व्हाइट हाउसमधल्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या छोट्या खोलीत ते होत. आधी स्नायू सैल करायचे, मग हळूहळू ताण द्यायचा, मग ताकद वाढवायची. जोडीला शेक, मालिश आणि पोहणे. दुखेल तिथे थांबायचे, पण पुढच्या वेळी यायचेच.

काही महिन्यांत फरक दिसला. 1962 मध्ये केनेडी बरेच मोकळेपणाने हिंडू-फिरू लागले. दुखणे पूर्ण गेले असे नाही. चार शस्त्रक्रिया झालेली पाठ पुन्हा कोरी होत नाही. पण ज्या पाठीला दिवसात तीन इंजेक्शने लागत होती, ती पाठ व्यायामावर उभी राहिली.

ऑगस्ट 1963 मध्ये त्यांच्या जांघेतला स्नायू ताणला गेला आणि त्यांनी पुन्हा घट्ट कंबरपट्टा बांधायला सुरुवात केली. 22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलस शहरात उघड्या गाडीतून जाताना त्यांची हत्या झाली, तेव्हाही तो पट्टा त्यांच्या अंगावर होता. पट्ट्यामुळे पहिल्या गोळीनंतर ते खाली वाकू शकले नाहीत, असे काही अभ्यासकांना वाटते. त्यावर मतभेद आहेत. ते 46 वर्षांचे होते.

मग तुम्ही किती वेळा जावे?

कायरोप्रॅक्टिक या पद्धतीची सुरुवात 1895 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात डी. डी. पामर यांनी केली. जवळपास सगळे आजार मणके जागचे हलल्याने होतात, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या वैद्यकशास्त्राला ते मान्य नाही. पण हाताने मणक्यांना हालचाल देण्याचा साध्या कंबरदुखीत उपयोग होतो का, याचा बराच अभ्यास झाला आहे. उत्तर असे: थोडा उपयोग होतो, साधारण व्यायामाइतकाच. मणका वाजल्याचा आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्यामुळे येतो. आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला, असा त्याचा अर्थ नाही.

अमेरिकेत 400 रुग्णांवर एक अभ्यास झाला. जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना 0, 6, 12 किंवा 18 वेळा हा उपचार देण्यात आला. सर्वांत चांगला परिणाम 12 वेळांच्या गटात दिसला. 18 वेळा जाऊन जास्त फायदा झाला नाही. गटांमधला फरकही फार मोठा नव्हता. स्वीडनमधल्या दुसऱ्या एका अभ्यासात ज्यांचे दुखणे वारंवार उलटते आणि ज्यांना आधीच या उपचाराने आराम पडला होता, अशा रुग्णांना ठरावीक अंतराने बोलावले. दुखले तरच येणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे त्रासाचे दिवस वर्षाला सुमारे 13 ने कमी झाले. म्हणजे अधूनमधून जाण्याचा फायदा काहींना होतो, सगळ्यांना नाही.

यातून घरी वापरता येईल असा साधा हिशेब मांडता येतो:

- कंबर नुकतीच धरली असेल तर घाई नको. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत आपोआप कमी होते. अंथरुणावर पडून राहू नका, झेपेल तेवढे चाला.
- उपचार घ्यायचाच असेल तर सुरुवातीला आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे. सहा वेळा झाल्यावर स्वतःला विचारा: वाकणे, बसणे, झोपणे सोपे झाले का? काहीच फरक नसेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.
- फरक पडला असेल तर एकूण बारा वेळांपर्यंत ठीक. त्यानंतर अंतर वाढवत न्या.
- पहिल्याच दिवशी वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नका. तुमची पाठ कशी प्रतिसाद देईल हे पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाही.
- ज्या उपचाराबरोबर घरी करायचा व्यायाम शिकवला जात नाही, तो अर्धा उपचार समजा.
- समोरच्या व्यक्तीचे शिक्षण काय आणि नोंदणी कुठे आहे, हे विचारा. विचारण्यात संकोच नको. समाजमाध्यमांवरचा मान कडकन वळवण्याचा व्हिडिओ म्हणजे पात्रतेचा दाखला नव्हे.

कोणी मणका पिरगळून घेऊ नये

हाडे ठिसूळ असलेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, कर्करोग झालेले, मणक्याचा क्षयरोग किंवा इतर संसर्ग असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि पाठीची शस्त्रक्रिया होऊन धातू बसवलेले रुग्ण यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा उपचार घेऊ नये. ही यादी पुन्हा वाचा आणि केनेडींना त्यात बसवून पाहा. मानेच्या बाबतीत आणखी सावध राहा. मान झटक्याने वळवल्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण झाल्या तर नुकसान मोठे असते.

वाट न पाहता रुग्णालयात जा

- लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला
- जांघेत, मांड्यांच्या आत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला
- पायातली ताकद कमी होत चालली
- कंबरदुखीबरोबर ताप येतो, वजन घटते किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आहे
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखणे सुरू झाले
- मानेवरच्या उपचारानंतर चक्कर, बोलण्यात अडखळणे, एकाएकी तीव्र डोकेदुखी किंवा तोल जाणे

केनेडींना आराम देणारे हात अनेक मिळाले. पाठ सुधारली ती मात्र त्यांनी स्वतः जमिनीवर पडून पाय उचलायला सुरुवात केली तेव्हा. कोणाकडे किती वेळा जायचे हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. व्यायामासाठी आठवड्यातले किमान तीन दिवस मात्र आजच राखून ठेवा. त्यासाठी व्हाइट हाउस लागत नाही, एक सतरंजी आणि वीस मिनिटे पुरतात.